विश्लेषण : पायांच्या फुगलेल्या शिरांवर उपाय शोधणारे डॉ. ट्रेंडेलेनबर्ग कोण होते?

दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या कोणालाही विचारा. बसमधला कंडक्टर, चौकातला वाहतूक पोलीस, फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षिका, हॉटेलात तव्यापुढे आठ-दहा तास काढणारा आचारी. यांच्यातल्या अनेकांच्या पोटरीवर निळसर, वाकड्यातिकड्या, दोरीसारख्या फुगलेल्या शिरा दिसतात. संध्याकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात, रात्री पेटके येतात. काहींच्या घोट्याजवळची कातडी काळी पडते आणि एक दिवस तिथे जखम होते. ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. या आजाराला आपण सगळेच आता ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतो. त्यावरच्या आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्या माणसाचे नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही. जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग यांचे आयुष्य आणि त्यांचे काम यांचा हा आढावा.

व्हेरिकोज व्हेन्स म्हणजे नेमके काय?

हृदयाकडून पायाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या म्हणजे रोहिणी आणि पायाकडून हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या वाहिन्या म्हणजे नीला. खाली जाणे सोपे, वर चढणे अवघड. सोसायटीच्या टाकीत पाणी चढवणारा पंप आठवा. पंप बंद झाल्यावर चढलेले पाणी खाली येऊ नये म्हणून पाइपमध्ये एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. पायातल्या नीलांमध्येही निसर्गाने अशाच छोट्या झडपा बसवल्या आहेत. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात, म्हणजे पंपाचे काम करतात. झडपा ते रक्त खाली येऊ देत नाहीत.

आपण निश्चल उभे असतो तेव्हा हृदयापासून घोट्यापर्यंत सव्वा मीटरच्या आसपास उंचीचा रक्ताचा स्तंभ असतो. त्यामुळे घोट्याजवळच्या नीलेतला दाब साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. निरोगी माणूस चालू लागला की तो झपाट्याने कमी होतो. झडपा निकामी झाल्या असतील तर चालूनही तो पुरेसा उतरत नाही. सततच्या दाबाने शिरा फुगतात, वाकतात, आणि पुढे कातडीचे पोषण बिघडून जखमा होतात.

आज हे डॉप्लर सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसते. ट्रेंडेलेनबर्ग यांच्या काळात सोनोग्राफी सोडाच, क्ष-किरणही नव्हते. त्यांनी हे सगळे दोन हात आणि एक पलंग एवढ्या साधनांवर दाखवून दिले.

त्यांच्याआधी काय उपाय होते?

आजार जुना आहे, उपायही जुने होते; पण ते भयंकर होते. रोमन सेनापती गायस मारियस याच्या दोन्ही पायांवर अशा शिरा होत्या. इतिहासकार प्लुटार्कने नोंदवले आहे, की त्याने स्वतःला बांधून न घेता एका पायाची शस्त्रक्रिया निमूटपणे सहन केली. पण वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा त्याने नकार दिला. एवढ्या वेदनांच्या मानाने मिळणारा फायदा त्याला पुरेसा वाटला नाही.

पुढची अनेक शतके परिस्थिती फारशी बदलली नाही. शिरा डागणे, कापणे, घट्ट बांधणे हे प्रकार चालत. भूल नव्हती आणि जंतुसंसर्ग कशाने होतो हेही माहीत नव्हते. उघडलेल्या शिरेत पू झाला की तो रक्तात पसरे आणि पायाच्या तक्रारीसाठी आलेला माणूस जिवानिशी जाई. त्यामुळे शहाणे सर्जन शिरांना हात लावणे टाळत. पट्टी बांधा, पाय उंच ठेवा, एवढाच सल्ला उरे.

ट्रेंडेलेनबर्ग यांची पार्श्वभूमी काय होती?

त्यांचा जन्म २४ मे १८४४ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील फ्रीडरिश आडोल्फ ट्रेंडेलेनबर्ग हे बर्लिन विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि ॲरिस्टॉटलचे नामांकित अभ्यासक. आजोळही विद्वानांचेच, आईचे वडील भाषाशास्त्रज्ञ होते. अशा घरातला मुलगा हातात चाकू घेणारा सर्जन झाला.

अठराव्या वर्षाच्या सुमारास ते स्कॉटलंडला गेले आणि ग्लासगोमध्ये त्यांनी शरीररचनाशास्त्राचे सुरुवातीचे धडे घेतले. त्या वेळी तिथे शल्यशास्त्राचे प्राध्यापक होते जोसेफ लिस्टर. पुढे १८६७ मध्ये याच लिस्टर यांनी कार्बोलिक आम्ल वापरून जखमा जंतुमुक्त ठेवण्याची पद्धत जगापुढे मांडली. या पद्धतीशिवाय ट्रेंडेलेनबर्ग यांची पुढची जवळपास कोणतीच शस्त्रक्रिया शक्य झाली नसती.

जर्मनीत परतल्यावर त्यांनी बर्लिनमध्ये बर्नहार्ड फॉन लांगेनबेक या त्या काळच्या बड्या सर्जनच्या हाताखाली शिक्षण पूर्ण केले आणि १८६६ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

त्यांच्या प्रबंधाचा भारताशी काय संबंध?

इथे आपल्या वाचकांना सुखद धक्का बसेल. बावीस वर्षांच्या ट्रेंडेलेनबर्ग यांनी डॉक्टरेटसाठी लॅटिनमध्ये लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन भारतीयांची शस्त्रक्रिया.

बर्लिनमध्ये हा विषय निवडला जाणे तितकेसे विचित्र नव्हते. सुश्रुतसंहितेचे फ्रान्झ हेसलर यांनी केलेले लॅटिन भाषांतर १८४४ पासून जर्मनीत प्रसिद्ध होऊ लागले होते. त्याआधी १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचे वर्णन छापले होते. इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला होता आणि त्याचे नाक कापले गेले होते. विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. ही बातमी युरोपभर फिरली. लंडनमध्ये आणि नंतर बर्लिनमध्येही नाक घडवण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. म्हणजे बर्लिनच्या शल्यविद्येला भारतीय शस्त्रक्रियेची ओळख आधीपासून होती.

इतिहासाची ही आवड ट्रेंडेलेनबर्ग यांनी शेवटपर्यंत जपली. जर्मन शल्यविशारद संघटनेच्या पहिल्या २५ वर्षांचा इतिहास त्यांनीच लिहिला आणि तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

पहिला मोठा शोध कोणता?

१८६८ ते १८७४ या काळात ते लांगेनबेक यांचे सहायक होते. त्या वेळी जबडा, तोंड किंवा घशाच्या शस्त्रक्रियेत एक मोठा धोका असे. रुग्ण बेशुद्ध असताना तोंडातले रक्त श्वासनळीतून फुफ्फुसात उतरे आणि तो गुदमरून जाई.

ट्रेंडेलेनबर्ग यांनी गळ्याला छिद्र पाडून श्वासनळीत नळी घातली आणि त्या नळीभोवती रबराचा छोटा फुगा बसवला. फुगा फुगवला की नळीच्या कडेची जागा बंद होई. रक्त खाली जाण्याचा मार्ग थांबे आणि भूल देण्याचे औषधही नळीतून देता येई. १८७१ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. आज अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या घशात जी नळी असते, तिच्या टोकालाही फुगा असतो. करोनाकाळात हजारो घरांनी ही नळी पाहिली. तिच्या पूर्वजांमध्ये ट्रेंडेलेनबर्ग यांच्या नळीचा मान मोठा आहे.

ऑपरेशनच्या टेबलाला त्यांचे नाव कसे मिळाले?

१८७४ मध्ये ते बर्लिनच्या फ्रीडरिशहाइन रुग्णालयात मुख्य सर्जन झाले, १८७५ मध्ये रोस्टॉक विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १८८२ मध्ये बॉनला गेले. बॉनमधली १३ वर्षे त्यांच्या आयुष्यातली सर्वाधिक फलदायी ठरली.

त्या काळी अडलेल्या बाळंतपणात अनेक स्त्रियांच्या मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडे. लघवी सतत गळत राही. अशा स्त्रिया घरातून, समाजातून बाजूला टाकल्या जात. छिद्र शिवायचे तर ते नीट दिसायला हवे. पण आतडी आड येत. ट्रेंडेलेनबर्ग यांनी रुग्णाचे डोके खाली आणि कंबर वर अशी स्थिती ठेवायला सुरुवात केली. आतडी आपोआप छातीच्या बाजूला सरकली आणि ओटीपोटातली जागा मोकळी झाली. त्यांचे शिष्य विली मायर यांनी १८८५ मध्ये या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि १८९० मध्ये ट्रेंडेलेनबर्ग यांनी स्वतः लिहिले. मायर न्यूयॉर्कला गेले आणि त्यांच्यासोबत ही पद्धत अमेरिकेतही रुजली.

आज गर्भाशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते तेव्हाही टेबल याच पद्धतीने तिरके केले जाते आणि जगभरचे भूलतज्ज्ञ या स्थितीला ‘ट्रेंडेलेनबर्ग’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात रक्तदाब कोसळलेल्या जखमी सैनिकांनाही याच स्थितीत ठेवण्याची प्रथा पडली. नंतरच्या अभ्यासांत तिचा तिथे फारसा उपयोग दिसला नाही. पण तो वापर मुळात ट्रेंडेलेनबर्ग यांनी सुचवलेला नव्हता.

शिरांचे कोडे त्यांनी कसे सोडवले?

हे कामही बॉनमधलेच. शिरा फुगलेल्या रुग्णाला ते पलंगावर निजवत आणि पाय उंच करत. गुरुत्वाकर्षणाने शिरा रिकाम्या होत. मग मांडीच्या आतल्या बाजूने जाणारी मोठी वरवरची नीला, म्हणजे ग्रेट सॅफेनस व्हेन, ते बोटाने दाबून धरत आणि रुग्णाला उभे करत. दाब कायम असेपर्यंत पोटरीवरच्या शिरा सपाट राहत. बोट काढले की रक्त वरून खाली धावत येई आणि शिरा क्षणात भरून फुगत.

याचा अर्थ सरळ होता. फुगवटा दिसतो पोटरीवर. पण दोष वर, मांडीत आहे. झडपा निकामी झाल्याने रक्त उलटे खाली येत आहे. नळ गळतोय म्हणून बादली बदलण्यात अर्थ नसतो, वरचा कॉक बंद करावा लागतो. तसेच हे. इंग्लंडमध्ये बेंजामिन ब्रॉडी यांनी काही दशके आधी अशीच चाचणी नोंदवली होती. पण चाचणीवरून थेट शस्त्रक्रियेपर्यंतचे पाऊल ट्रेंडेलेनबर्ग यांनी ठामपणे टाकले.

त्यांची शस्त्रक्रिया आजच्या मानाने अगदी छोटी होती. मांडीवर लहानसा छेद घ्यायचा, मोठी नीला शोधायची, दोन ठिकाणी दोऱ्याने बांधायची आणि मधोमध कापायची. उलट येणाऱ्या रक्ताची वाटच बंद. पायात खोलवर असलेल्या नीला रक्त परत नेण्याचे काम सांभाळतात, त्यामुळे वरवरची शिरा बंद केल्याने पायाचे नुकसान होत नाही. १८९०-९१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लिस्टर यांच्या जंतुमुक्त पद्धतीमुळे हे धाडस आता जिवावरचे राहिले नव्हते.

मग आजार कायमचा बरा झाला का?

सगळ्यांचा नाही. आणि हे लपवले गेले नाही, हे महत्त्वाचे. ट्रेंडेलेनबर्ग यांचे सहायक गेओर्ग पेर्थेस यांनी या रुग्णांचा पाठपुरावा करून १८९५ मध्ये निकाल मांडले. बहुतेकांना आराम पडला होता. पण काहींच्या शिरा पुन्हा फुगल्या होत्या.

कारण पुढे स्पष्ट झाले. ट्रेंडेलेनबर्ग मांडीवर शिरा बांधत. पण त्याच्या वर, जांघेजवळ, तिला अनेक फांद्या येऊन मिळतात. त्या फांद्यांतून रक्ताने नवी वाट शोधली. १८९६ मध्ये मेलबर्नचे सर्जन विल्यम मूर यांनी छेद अधिक वर, जांघेजवळ घेण्याचा बदल सुचवला. १९१६ मध्ये अमेरिकेत जॉन होमन्स यांनी मोठी नीला खोल नीलेला मिळते त्या नेमक्या सांध्यावरच ती बांधण्याचा आग्रह धरला. दरम्यान १९०५ ते १९०७ या तीन वर्षांत केलर, मेयो आणि बॅबकॉक या तीन अमेरिकी सर्जननी आपापल्या पद्धतीने शिरा ओढून बाहेर काढण्याची साधने तयार केली. शिरा वर बांधायची आणि मग खेचून काढायची, ही जोड पद्धत विसाव्या शतकभर चालली.

कंबरेच्या चाचणीलाही त्यांचेच नाव का?

१८९५ हे वर्ष त्यांच्यासाठी दुहेरी महत्त्वाचे. त्याच वर्षी ते लाइपझिग विद्यापीठात मुख्य सर्जन झाले, आणि त्याच वर्षी त्यांनी जन्मतः खुब्याचा सांधा निखळलेली मुले डुलत का चालतात, याचे उत्तर दिले. तोवर समज होता, की मांडीचे हाड वर-खाली सरकते म्हणून चाल डुलते. ट्रेंडेलेनबर्ग यांनी अशा मुलांना एका पायावर उभे करून नीट पाहिले. खुब्याच्या बाजूचे स्नायू कंबर तोलू शकत नाहीत, म्हणून उचललेल्या पायाच्या बाजूची कंबर खाली झुकते, हे त्यांनी दाखवले. आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना परीक्षेत ही चाचणी करून दाखवावी लागते.

त्यांना कोणत्या लढाईत हार पत्करावी लागली?

शिरांचे पुढचे कोडे जीवघेणे होते. शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पायातल्या खोल नीलेत कधी रक्ताची गुठळी होते. ती सुटून फुफ्फुसाच्या धमनीत अडकली तर माणूस काही मिनिटांत किंवा तासांत जातो. ऑपरेशन उत्तम झालेला, घरी जायच्या तयारीत असलेला रुग्ण असा डोळ्यांदेखत जाणे हे त्या काळच्या प्रत्येक सर्जनचे दुःस्वप्न होते.

साठी उलटलेल्या ट्रेंडेलेनबर्ग यांनी ठरवले, की छाती उघडून ती गुठळी बाहेर काढायची. आधी वासरांवर प्रयोग केले. छाती उघडायची, हृदयातून निघणाऱ्या दोन्ही मोठ्या वाहिन्या रबरी नळीने आवळून प्रवाह थांबवायचा, फुफ्फुसाच्या धमनीला चीर द्यायची, चिमट्याने गुठळी ओढायची आणि प्रवाह पुन्हा सुरू करायचा. हे सारे मिनिटभराच्या आत. हृदय-फुफ्फुस यंत्र, रक्तपेढी, गुठळी विरघळवणारी औषधे यांतले काहीच तेव्हा नव्हते.

१९०८ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. माणसांवर केलेल्या प्रयत्नांपैकी एक रुग्ण ३७ तास जगला. पण शेवटी त्यांचा एकही रुग्ण वाचला नाही. १९११ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा हे काम अपुरेच होते.

शेवट कसा झाला?

तेरा वर्षांनी, १८ मार्च १९२४ रोजी, क्योनिग्सबर्गमध्ये मार्टिन किर्शनर यांनी ट्रेंडेलेनबर्ग यांच्याच पद्धतीने एका महिलेच्या फुफ्फुसातून गुठळी काढली आणि ती वाचली. हा दिवस पाहायला ऐंशीच्या उंबरठ्यावरचे ट्रेंडेलेनबर्ग हयात होते. त्याच वर्षी तारुण्यातल्या आठवणींचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १५ डिसेंबर १९२४ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. कारण होते जबड्याचा कर्करोग. तरुणपणी ज्या अवयवाच्या शस्त्रक्रिया सुरक्षित व्हाव्यात म्हणून त्यांनी पहिला शोध लावला, त्याच अवयवाच्या आजाराने त्यांना नेले.

त्यांच्या मुलांपैकी विल्हेल्म शरीरक्रियाशास्त्रज्ञ, तर पाउल औषधशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले.

गुठळीची गोष्ट इथे संपली नाही. १९३०-३१ च्या सुमारास बॉस्टनमध्ये जॉन गिबन हा तरुण डॉक्टर अशाच एका रुग्णाशेजारी रात्रभर बसून होता. शेवटी ट्रेंडेलेनबर्ग शस्त्रक्रिया झाली, पण रुग्ण दगावला. काही वेळ शरीराबाहेर रक्त फिरवणारे यंत्र असते तर, हा विचार गिबन यांच्या मनात तिथे रुजला. १९५३ मध्ये त्यांनी हृदय-फुफ्फुस यंत्र वापरून पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया केली. आज आपल्याकडे रोज होणाऱ्या अनेक हृदयशस्त्रक्रियांमागे तो एक फसलेला प्रयत्न आहे.

आज व्हेरिकोज व्हेन्सवर काय उपचार होतात?

आता शिरा बांधून ओढून काढण्याऐवजी बहुतेकदा तिच्या आत बारीक तार घालून लेझर किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने ती आतून बंद केली जाते. काही वेळा फेससारखे औषध टोचले जाते. ब्रिटनच्या २०१३ मधील मार्गदर्शक सूचनांमध्येही उष्णतेची पद्धत आधी, मग फेस आणि ते शक्य नसेल तर जुनी शस्त्रक्रिया, असा क्रम आहे. साधन बदलले, तत्त्व तेच राहिले. आधी रक्त कुठून उलटे येते ते शोधा, मग ती वाट बंद करा.

तुम्ही काय लक्षात ठेवावे?

शिरा फक्त दिसायला वाईट आहेत म्हणून घाबरू नका. पण घोट्याजवळ कातडी काळी पडत असेल, जखम भरत नसेल किंवा पाय सतत सुजत असेल तर डॉक्टरांकडे जा आणि डॉप्लर तपासणीबद्दल विचारा. फुगलेली शिर फुटून रक्त आले तर उभे राहू नका. आडवे व्हा, पाय उंच करा, स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि मदत बोलवा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, किंवा त्यासोबत धाप लागली, छातीत दुखले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा. ज्या गुठळीपुढे ट्रेंडेलेनबर्ग हरले, तिच्यावर आज औषधे आहेत. पण ती वेळेत मिळाली तरच उपयोगी पडतात.